येळवशीच्या रानातली मुलाखत

आमचं घर दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली अप्पांचं भांड्यांचं दुकान आणि वरच्या तीन खोल्यांत अप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी. लातूरच्या बाजारात आमच्या ओळीला सगळी भांड्यांचीच दुकानं, त्यामुळं दिवस उजाडायचा तो शटरांच्या खडखडाटानं आणि मावळायचा तो घागरी एकात एक घालून ठेवल्याच्या ठणठणाटानं. मधल्या सगळ्या वेळात नाव टाकायचं मशीन चालू. लग्नसराईत तर त्याला उसंत नसे. टर्रर्र, टर्रर्र करत अप्पा घागरीवर, ताटावर, डब्यावर नावं टाकायचे; कुणाच्या मामाकडून, कुणाच्या आत्याकडून, कुणाच्या सबंध गल्लीकडून. शाळेत अक्षरओळख व्हायच्या आधी मी ‘सप्रेम भेट’ वाचायला शिकले होते. पहिलीत बाईंनी फळ्यावर येईल ते लिही म्हणून सांगितलं तेव्हा मी तेच लिहिलं आणि बाई हसून म्हणाल्या, फळा शाळेचाच आहे, तो शाळेला काय भेट देतेस? वर अव्वा शेंगदाण्याची चटणी कुटायची. तिचा खलबत्ता आणि खालचं मशीन यांची जुगलबंदी ऐकतच मी जेवले, अभ्यास केला, दुपारच्या झोपा काढल्या. पुढं मुंबईत स्वतःचं घर घेतलं तेव्हा पहिले काही दिवस मला झोपच लागेना. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की घर फार शांत आहे.

भांडं विकलं की कागदात गुंडाळून द्यावं लागतं. त्यासाठी अप्पा रद्दी घ्यायचे आणि आमच्याकडची बरीचशी रद्दी बाजारातल्या एका सीएच्या ऑफिसातून यायची. तिच्यात गुलाबी कागदाची इंग्रजी वर्तमानपत्रं असत. बाकीच्या पेपरांत मारामाऱ्या, पुढारी आणि सिनेमे. यांच्यात नुसते आकडे आणि कोटातली माणसं. मला त्या कागदांचा रंग आवडायचा म्हणून मी ते बाजूला काढायला लागले आणि मग शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला लागले. एक कंपनी दुसरीला विकत घेऊ बघते, दुसरी नको म्हणते, तिसरीच मधे येते. मला ते एखाद्या घरातल्या भांडणासारखं वाटायचं. कुणाला काय हवंय, कोण काय बोलत नाही आणि शेवटी कुणाचं खरं निघालं. बातमी कितीतरी महिन्यांपूर्वीची असायची, त्यामुळं पुढं काय झालं हे वाट न बघता दुसऱ्या गठ्ठ्यात सापडायचं. अप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक समोर असलं तरी ते म्हणायचे, “थांबा, तो गुलाबी कागद नको. शिवाला वाचायचाय.” माझं पाळण्यातलं नाव शिवलीला, पण ते कुणी वापरलेलं मला आठवत नाही.

लातुरात दहावीला बरे मार्क पडले की पोर डॉक्टर होणार. हे कुणी ठरवत नसतं, ते ठरलेलंच असतं. आमच्या भागातल्या निम्म्या घरांच्या वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, आणि रस्त्यानं जाताना पोहे-चहाच्या गाड्यांवर पोरं एकमेकांना हाडांची नावं विचारत उभी. मीही त्या क्लासला गेले. बेडकाच्या आतड्यांची मला भीती नव्हती, कंटाळा होता. बारावीला मार्क पडले ते ‘अजून एक वर्ष बसली तर होईल’ असे. ते अजून एक वर्ष मला नको होतं. त्याच सुमारास रद्दीतल्या एका पेपरात मला जाहिरात दिसली. नांदेडच्या बाहेर टेकडीवर नवीन खासगी विद्यापीठ निघत होतं, आणि तिथं म्हणे अर्थशास्त्राबरोबर नाटक, गणिताबरोबर तत्त्वज्ञान असं काहीही घेता येत होतं. नशिबानं तो पेपर ताजा होता.

“लिबरल आर्ट्स म्हंजे?” अप्पांनी विचारलं.

“म्हणजे सगळं थोडंथोडं शिकायचं अन् एक विषय खोल. मी फायनान्स घेणार.”

“आर्ट म्हणतीस, अन् फायनान्स बी म्हणतीस. एक तर गाणं म्हण, न्हाईतर हिशोब कर.”

“तिथं दोन्ही करता येतंय, अप्पा.”

अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, “आधी बघून तरी या की. बघायला काय लागतंय?”

बघायला एसटी लागली. चाकूरला बस थांबली तेव्हा अप्पांनी खाली उतरून भजी आणली आणि अहमदपूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. विद्यापीठ म्हणजे दोन इमारती, एक अर्धवट तिसरी आणि पुष्कळ मुरूम. आम्हाला भेटल्या त्या फरीदा मॅडम. त्या हैदराबादला बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, नोकरी सोडून माहेरी नांदेडला शिकवायला आल्या होत्या. उंच, कडक सुती साडी, आणि बोलणं मराठी असलं तरी त्याला दख्खनीची फोडणी. अप्पांनी बाकी काही विचारलं नाही. “शिकल्यावर पोरीला नोकरी लागंल का?” एवढंच.

“भाईसाब, खोटं नाही बोलणार,” मॅडम म्हणाल्या. “तुमची मुलगी पहिल्याच बॅचची. अजून कुणालाच लागली नाही. मी मेहनत करून घेईन, एवढी जबान देते.”

परतीच्या बसमधे अप्पा खुलले. “माल नवा हाय, आजून वापरून बगितला न्हाई, असं जी बाई गिऱ्हाइकाला तोंडावर सांगती,” ते म्हणाले, “तिच्याकडं पोरगी ठेवायला हरकत न्हाई.” नंतरच्या आयुष्यात मी कंपन्या पारखायच्या पुष्कळ पद्धती शिकले. त्या दिवशीची अप्पांची पद्धत त्यांतल्या बऱ्याच पद्धतींपेक्षा वाईट नव्हती.

नांदेडची ती वर्षं म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा काळ. सकाळी फरीदा मॅडमचा तास. त्या पुस्तकातून शिकवायच्या नाहीत, खऱ्याखुऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणून टेबलावर टाकायच्या आणि म्हणायच्या, “शेवटून वाचा. पुढं फोटो असतात.” नफा बघून कुणी खूश झालं की त्या विचारायच्या, “बेटा, हा नफा हातात आला का कागदावरच आहे?” दुपारी मात्र आम्हाला दुसऱ्याच जगात जावं लागे. एका सत्रात गोदावरीकाठचा भूगोल, एका सत्रात नाटक, एका सत्रात ‘सण आणि समाज’ नावाचा विषय, ज्यात पोळ्याच्या मिरवणुकीत कुणाचे बैल पुढं आणि का, यावर दोन तास चर्चा चालायची. मला सुरुवातीला याचा राग यायचा. मुंबई-दिल्लीची पोरं याच वेळात आणखी कितीतरी परीक्षा देऊन राहिली असतील आणि मी इथं झाडाचा अभिनय करून राहिले, असं वाटायचं. तो राग टिकला नाही, कारण मजा यायला लागली. मेसमधे वरण पातळ असे, पण जेवणं लांबत. एका टेबलावर व्याजदर, दुसऱ्यावर मरणानंतर आत्म्याचं काय होतं, आणि दोन्हीकडं सारखंच भांडण.

माझ्या खोलीत पद्मजा होती. ती बिलोलीची, घरी तेलुगू बोलणारी, नाटक शिकायला आलेली, आणि खोलीत शिरताना सुद्धा रंगमंचावर आल्यासारखी शिरणारी. शेवटच्या वर्षी नोकऱ्यांच्या मुलाखती तोंडावर आल्या तेव्हा तिनं मला ताब्यात घेतलं. मी रोज आरशासमोर इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायचे. ती पलंगावर मांडी घालून ऐकायची आणि मान हलवायची.

“काय चुकलं?”

“चुकलं काहीच नाही. पण तू बोलून नाई राहिली, म्हणून दाखवून राहिली. पाढे म्हणल्यासारखं.”

मग ती मला गोदावरीच्या घाटावर घेऊन जायची आणि पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात कंपनीची किंमत कशी काढतात ते सांगायला लावायची. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना आमची सवय झाली होती. एकदा त्यांतल्या एकीनं दुसरीला विचारलं, “काय म्हणून राहिल्या गं त्या?” आणि दुसरीनं सांगितलं, “कुठला तरी मंत्र हाय. नोकरीचा.”

कोटाचाही एक किस्सा आहे. मुलाखतीला ब्लेझर पाहिजे असं फरीदा मॅडमनी सांगितलं, म्हणून आम्ही नांदेडातल्या एका शिंप्याकडं गेलो. तो नवरदेवांचे सूट शिवण्यात नावाजलेला. मी साधा काळा कोट सांगितला होता. कोट बाहेरून साधाच होता, पण बटण उघडलं की आत लालभडक चमकदार अस्तर. “आतलं कुणाला दिसतंय?” तो म्हणाला. “तुम्हाला कळलं पाहिजे की भारी आहे.” पद्मजानं तो स्वतः घालून बघितला आणि म्हणाली, नोकरी नाही मिळाली तर निदान वरात तरी निघेल.

हसणं एकीकडं आणि धास्ती एकीकडं. लातूरला गेलं की कुणी ना कुणी दुकानाच्या पायरीवर विचारायचंच, “काय हो, पोरीनं डॉक्टरकी सोडली म्हणं? मग आता काय करून राहिली?” अप्पा सांगायचे, “शिकून राहिली,” आणि मशीनवर वाकायचे. माझ्याबरोबरच्या पोरी पांढऱ्या कोटातले फोटो पाठवायच्या. शिवाय आमच्या मागून येणाऱ्या बॅचेसची काळजी होती. आमच्यातल्या कुणालाच चांगली नोकरी लागली नाही, तर टेकडीवरच्या त्या दोन इमारतींकडं पुढं कोण पोर पाठवणार? मॅडम हे बोलून दाखवायच्या नाहीत, पण मुंबईची एक नावाजलेली गुंतवणूक कंपनी आमच्याकडं पोरं बघायला येणार असं ठरलं तेव्हा त्यांनी तास थांबवून सगळ्यांना चहा पाजला, यावरून आम्हाला कळलं. लेखी परीक्षा झाली, पहिल्या मुलाखती झाल्या, आणि कंपनीनं आमच्यातलं एकच नाव पुढं नेलं. ते माझं होतं. शेवटची मुलाखत डिसेंबरच्या अखेरीस, व्हिडिओवर, दिवस मागाहून कळवू, असं त्यांनी सांगितलं.

दिवस कळला तेव्हा मी येळवशीसाठी घरी आलेले होते. बाहेरच्यांना सांगावं लागतं, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं लातूर रानात जातं. ज्याचं रान आहे तो जातो, ज्याचं नाही त्याला दहा जणांची आवतणं असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून तिच्यात पूजा मांडायची आणि मग दिवसभर येईल त्याला जेवू घालायचं. ओळख असो, नसो. आदल्या रात्रीपासून अव्वाच्या चुलीवर भज्जी शिजत असे. वाटाणा, तुरीचे दाणे, हरभरा, चुका, मेथी, बोरं, हिवाळ्यात जे हिरवं सापडेल ते सगळं बेसनात एक होऊन जायचं. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात मुरलेली ताकाची आंबील. आणि कंपनीचा निरोप आला तो नेमका येळवशीच्या दुपारचा. शेवटची मुलाखत घेणाऱ्या कंपनीतल्या मोठ्या मॅडम दुसऱ्या दिवशी परदेशी चालल्या होत्या, तेव्हा हीच वेळ, दुसरी नाही.

“मी घरीच थांबते,” मी म्हणाले. “तुम्ही जा.”

“येळवशीला घरात एकटी?” अव्वा म्हणाली. तिच्या दृष्टीनं हे सुतकातच शक्य होतं. पण तिनं हट्ट केला नाही. माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं, देवापुढचा अंगारा मला लावला, आणि विचार करून लॅपटॉपलाही लावला. अप्पा आणि ती औशाच्या वाटेवर आमचं थोडं रान आहे तिकडं निघून गेले. ते रान शरणाप्पाकाका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, कसत.

येळवशीचं लातूर ज्यानं बघितलं नाही त्याला ते सांगून पटत नाही. एक शटर उघडं नाही, एक रिक्षा नाही. मी काळा कोट घालून टेबलाशी बसले, मनात ओळख घोकली, आणि मुलाखतीला थोडा वेळ असताना वीज गेली. इंटरनेट बंद. मोबाइलला बाजारातल्या त्या अरुंद ओळीत एरवीही धड रेंज नसायची. मी खाली आले. विचारायला माणूस नाही, शिरायला दुकान नाही, शेजारी नाहीत. काकांना फोन लावला, तो कसाबसा लागला.

“काका, रानात रेंज हाय का?”

“विहिरीवर हाय की. फुल्ल. ये लवकर.”

अव्वाची स्कूटी काढली आणि सुटले. रिकाम्या शहरातून, अंगात कोट, वाऱ्यानं त्याचं लाल अस्तर फडफडतंय. वेशीबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंच्या रानांतून लोक हात करायला लागले. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला जेवायला बोलावतातच. “ओ ताई, या की, जेवून जा!” एका ठिकाणी तर म्हातारे आजोबा रस्त्याच्या मधेच उभे राहिले. मी ओरडले, “आजोबा, मुलाखत हाय माझी!” ते बाजूला सरकत म्हणाले, “मग येताना थांब.”

आमच्या रानात पन्नासेक माणसं जेवत होती. काका मला विहिरीच्या कट्ट्यावर घेऊन गेले, उलटी पाटी ठेवून तिच्यावर फोन उभा करून दिला आणि वळून सगळ्यांना सांगितलं, “गप बसा रे. शिवाची परीक्षा हाय.” सगळी पंगत एकदम चिडीचूप झाली. पन्नास माणसं आवाज न करता आंबील पीत होती.

पडद्यावर दोघं होते. मेहता मॅडम, साठीच्या घरातल्या, बारीक कापलेले पांढरे केस. आणि निखिल नावाचा तिशीचा माणूस. बोलणं अर्थात इंग्रजीत. स्वतःबद्दल सांग, म्हणाले. मी सांगितलं. कंपनीची किंमत कशी काढशील? सांगितलं. व्याजदर वाढले तर? तेही सांगितलं. सगळं बरोबर होतं, आणि मेहता मॅडमचा चेहरा बसची वाट बघणाऱ्या बाईसारखा होता. मला पद्मजाचं ‘पाढे’ आठवलं, पण थांबता येईना. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज उठला, “ओलगे ओलगे, सालम पोलगे!” आंबील शिंपत पिकाला फेरी घालायची वेळ झाली होती आणि ती काही मुलाखतीसाठी थांबणारी नव्हती. काका पुढं, पोरंटोरं मागं, सगळे ओरडत ज्वारीकडून विहिरीकडं येत होते.

“हा आवाज कसला?” मेहता मॅडमनी विचारलं.

मी माफी मागितली आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, दाखव. मी फोन फिरवला. कोप दाखवली, पंगत दाखवली. फोन आपल्याकडं वळलेला बघून पंगतीतल्या सगळ्यांनी नमस्कार केला.

“म्हणजे आज सगळा बाजार बंद,” मॅडम म्हणाल्या. “शहराचं नुकसानच की, नाही?”

हा प्रश्न पाठ केलेल्यांत नव्हता. मी बोलता बोलता विचार करू लागले. नुकसान नाही, म्हणाले, कारण गेला आठवडाभर बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बेसन, वाटाणा, मडकी, मोठी पातेली, सगळं आधीच विकलं गेलंय. विक्री गेली नाही, अलीकडं सरकली. अंदाजे किती, असं निखिलनं विचारलं. मी तोंडी गुणाकार केला आणि चुकले; एक शून्य जास्त झालं. त्यानं दाखवून दिलं. मी हसले, दुरुस्त केलं. इतकी वर्षं असं एखादं शून्य चुकण्याची मला भीती होती, आणि ते चुकलं तेव्हा काहीच झालं नाही.

“आणि हे जेवण?” मॅडमनी विचारलं. “याचं बिल नाही. बिल नाही ते मोजता येत नाही. मोजता येत नाही त्याचं आपण काय करायचं?”

“मला तसं वाटत नाही, मॅडम,” मी म्हणाले. असं उलटं बोलायचं नाही, हे आम्हाला बजावून सांगितलेलं होतं. “इथं बसलेली निम्मी माणसं माझ्या वडिलांची गिऱ्हाइकं आहेत. आमच्या ओळीत भांड्यांची खूप दुकानं आहेत आणि माल सगळीकडं सारखाच. पण यांच्या घरी लग्न निघालं की ही माणसं आमचीच पायरी चढतात. हे वडिलांच्या हिशोबात कुठंच दिसत नाही. उद्या दुकान विकायला काढलं, तर घेणारा पैसे मात्र याचेच देईल. आमच्या मॅडम याला गुडविल म्हणतात. वडील येळवस म्हणतात.”

मेहता मॅडम पुढं झुकल्या. “आणि वडिलांनी बोलावणं बंद केलं तर?”

मला ‘सण आणि समाज’च्या तासातली बैलांची भांडणं आठवली. मान कुणाचा चुकला की लोक लगेच बोलत नाहीत. “दोन-तीन वर्षं काहीच कळणार नाही,” मी म्हणाले. “खर्च वाचल्यामुळं नफा वाढलेलाच दिसेल. मग एकदम कळेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.”

त्या काही बोलल्या नाहीत. निखिलनं काहीतरी लिहून घेतलं. आता मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसते आणि मला ठाऊक आहे की समोरचा गप्प झाला म्हणजे खूश झाला असं नसतं. कधीकधी त्याला नुसती भूक लागलेली असते. मग मेहता मॅडमनी तो ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला, तुला आम्हाला काही विचारायचंय का? यासाठी पद्मजानं माझ्याकडून तीन प्रश्न घोटून घेतले होते. कंपनीचं पुढच्या काळातलं धोरण वगैरे. पण समोर बाई उपाशी दिसत होती, मागून भज्जीचा वास येत होता, आणि येळवशीच्या दिवशी रानाच्या कडेला आलेल्या माणसाला जे विचारतात तेच माझ्या तोंडून गेलं, तेही मराठीत.

“जेवलात का?”

मेहता मॅडमनी निखिलकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून मराठीतच म्हणाल्या, “नाही गं. अजून नाही.”

“मग जेवून घ्या. लई उशीर झाला.”

“हो,” त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मी कट्ट्यावर तशीच बसून राहिले. अप्पा बोरीच्या झाडाआड उभे होते, सगळा वेळ तिथंच असावेत. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण शेवटचं कळलं होतं. “काय झालं?” त्यांनी विचारलं. “ठावं न्हाई,” मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. अप्पांनाही हसू आलं. पंगतीकडं वळून ते म्हणाले, “पोरीनं मुंबईवाल्यांना जेवायला बोलावलं.” पंगतीतून लगेच कुणीतरी विचारलं, “मग येऊन राहिले का?” मी कोट काढून बोरीच्या फांदीला अडकवला. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्याचं अस्तर उलटून बघत होत्या आणि शिंप्याला नावाजत होत्या. मी त्या दिवशी किती जेवले ते सांगत नाही.

नोकरी लागली. निरोप आला तेव्हा मी नांदेडला परतले होते. फरीदा मॅडमनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, “ठीक. आता बाकीच्यांचं बघू,” आणि खरोखर दुसऱ्या एका पोराचा अहवाल पुढं ओढला. पद्मजानं मात्र सबंध मजला डोक्यावर घेतला. पुढं दोन-तीन महिन्यांत बॅचमधल्या बऱ्याच जणांची सोय लागली. टेकडीवरची तिसरी इमारतही यथावकाश पुरी झाली.

लातुरात ही गोष्ट वर्षभर फिरली. शिवानं मुंबईच्या बाईला जेवायला विचारलं आणि बाईनं नोकरी देऊन टाकली. मलाही ती तशीच सांगायला आवडायची. पण मुंबईत काम सुरू होऊन वर्ष होत आलं तेव्हा एकदा चहा पिताना निखिल सहज बोलून गेला. त्या मुलाखतींत पहिला नंबर दुसऱ्याच कॉलेजातल्या एका मुलाचा आला होता. त्याचा गुणाकार कुठं चुकला नव्हता. तो परदेशी शिकायला गेला, म्हणून त्यांनी मला बोलावलं. “तू दुसरी होतीस,” निखिल म्हणाला. “मॅडमना तू आवडली होतीस, पण ते शून्य त्यांना खटकलं होतं.”

मी हिरमुसले, खोटं कशाला सांगू. पुढच्या येळवशीला रानात गेले तेव्हा अप्पांना सांगून टाकलं. ते भज्जीत उंडा कुस्करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तू दुसऱ्या पंगतीला बसलीस,” ते म्हणाले.

“हाव.”

“मग त्यात काय बिघडलं? पयल्या पंगतीला नुसती घाई असती. भज्जी मुरती ती दुसऱ्या पंगतीलाच.” आणि अव्वाकडं बघून म्हणाले, “वाढ गं हिला.”